हरणाऱ्यानं डाव मांडायचा

डॅनियलचा फोन आला तेव्हा मी ब्रिस्टलच्या आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन रांगेत उभी होते. दुपारचा एक वाजला असेल. त्या सुमाराला हाउन्सलोहून फोन येणं मला नवीन नव्हतं. गेली कित्येक वर्षं रुथमावशी माझी जेवणाची सुट्टी धरूनच फोन करायच्या आणि 'हॅलो' वगैरे न म्हणता एकच शब्द विचारायच्या, "चाल?" त्यामुळे स्क्रीनवर त्यांच्या घरचा नंबर दिसला तेव्हा वाईट बातमीची शंकासुद्धा मला आली नाही. आज आता काय थाप मारायची, एवढंच मनात आलं. लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं ते. पलीकडून मात्र त्यांच्या मुलाचा आवाज आला. "मित्रा, ममी गेला," डॅनियल म्हणाला. मित्रा हे माझं नाव. तो इथेच जन्मला, इथेच वाढला. मराठी आईकडून कानावर पडलं तेवढंच. आणि खरं सांगते, पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आता चाल सांगायला नको… दुसऱ्या क्षणापासून आजपर्यंत ते सुटल्यासारखं वाटणं माझ्या मानगुटीवर बसलेलं आहे.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मुंबईहून फार पूर्वी इकडे आलेल्या बेने इस्रायली कुटुंबातल्या त्या, म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या, शनिवार पाळणाऱ्या ज्यू. मी नागपूरकडची बौद्ध. आमची गाठ पडली ती खोलीच्या शोधात. वीसेक वर्षांपूर्वी विमानांच्या देखभालीच्या एका कंपनीत नोकरी लागून मी या देशात आले, तेव्हा आधी स्टॅनमोरला एका मराठी घरी खोली बघायला गेले होते. चहा उत्तम होता. आडनाव सांगितल्यावर बाईंनी विचारलं, म्हणजे मूळचे कुठले? गाव सांगितल्यावर विचारलं, हो, पण म्हणजे नक्की कुठले? मग मीच सरळ सांगून टाकलं, आणि ती खोली अचानक त्यांच्या भाच्यासाठी राखून ठेवलेली निघाली. त्याच रागात मी हाउन्सलोचा दुसरा पत्ता गाठला. दार उघडलं ते एका ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाईंनी. त्या विमानातलं जेवण बनवणाऱ्या किचनमध्ये सुपरवायझर होत्या आणि ड्यूटीवरून नुकत्याच आल्या होत्या, केसांवरची जाळीसुद्धा तशीच. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बुद्धिबळ येतं?"

शाळेत खेळले होते, तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग बस. खोली बघायच्या आधी मला त्यांनी जेवणाच्या टेबलाशी बसवलं. टेबलावर जाड कापडाचा पट होता. त्याला काळी-पांढरी घरं नव्हती, नुसत्या दोऱ्यानं शिवलेल्या रेघा. त्यावर सावंतवाडीची लाखेची लाल आणि हिरवी सोंगट्यांसारखी मोहरी, उंटाचा एक कान उडालेला. मी रुबाबात राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. मावशींनी एका बोटानं ते एक घर मागे घेतलं. "आमच्यात प्यादं एकच घर चालतं. गरिबाला उडी नाही," त्या म्हणाल्या. "उडी राजाला. घोड्यासारखी, अडीच घरं. तीही डावात एकदाच, आणि त्याला एकदाही शह बसला नसेल तरच." अर्ध्या तासात माझा फडशा पडला. मी उठायला लागले तर म्हणाल्या, कुठं चाललीस? हरणाऱ्यानं डाव मांडायचा, जिंकणाऱ्यानं पहिली चाल करायची. मी निमूटपणे सगळी मोहरी पुन्हा मांडली. त्यांनी एक प्यादं सरकवलं आणि मगच वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

आडनाव त्यांनी विचारलंच नाही. माझ्या खिडकीतली बुद्धाची छोटी मूर्ती महिनाभरानं त्यांच्या नजरेला पडली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आम्हाला गावात शनिवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. लोकांना नावं ठेवायला कुणीतरी लागतं." मग नारळाच्या दुधातलं मटण वाढलं आणि विषय संपला. त्या घरात मी चार वर्षं राहिले. आमच्या जयंतीच्या कार्यक्रमाला त्या माझ्याबरोबर हॉलवर यायच्या आणि पहिल्या रांगेत बसून भाषणं ऐकता ऐकता डुलक्या काढायच्या. त्यांच्याकडे मलिद्याचं, म्हणजे त्यांच्या नवसाच्या प्रसादाचं, ताट असलं की मी गोड पोहे आणि फळं हक्कानं हाणायचे. पण आमचं खरं नातं त्या पटावरच होतं, आणि तो पट एलोजींचा होता.

एलोजी म्हणजे मावशींचे आजोबा. त्यांची गोष्ट मी इतक्यांदा ऐकलेली आहे की ते माझेच कुणी असावेत असं वाटतं. अलिबागकडच्या एका खेड्यातला हा माणूस पहिल्या महायुद्धाच्या वेळी लष्करी इस्पितळात कंपाउंडर होता. जखमी हिंदी शिपायांसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात इस्पितळ उघडलं होतं, तिथे त्याची बदली झाली. बरोबर हा पट आणि ही मोहरी. शिपायांशी खेळायचा. मग गावातल्या बुद्धिबळ क्लबाला कुणीतरी सांगितलं की इस्पितळात एक औषधं देणारा आहे, तो सगळ्यांना हरवतो. तंबाखूच्या दुकानावरच्या माडीवर हा क्लब भरायचा. पहिल्या संध्याकाळी एलोजींची पार फजिती झाली. समोरच्याची प्यादी दोन दोन घरं पळतायत, राजा आणि हत्ती एकाच चालीत जागा बदलतायत, हे त्यांनी कधी बघितलेलंच नव्हतं. त्यांनी आपल्या राजाची अडीच घरांची उडी मारली तर सगळे हसले, आणि समोरच्या गृहस्थांनी राजा उचलून परत जागेवर ठेवला. मावशी हा प्रसंग सांगताना स्वतःच राजा उचलून ठेवून दाखवायच्या, दोन बोटांनी, मेलेलं झुरळ उचलावं तसा.

पण एलोजी शिकले. एका हिवाळ्यात इंग्लिश नियम पाठ केले आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या माडीवर त्यांना हरवणारं कुणी उरलं नाही. युद्ध संपल्यावर इतर परत गेले, हे एका औषधाच्या दुकानात कामाला राहिले आणि किनाऱ्यावरच्या गावोगावच्या स्पर्धा खेळू लागले. शनिवारी खेळायचे, पण त्या दिवशी लिहिणं धर्मात वर्ज्य म्हणून हातात पेन्सिल धरायचे नाहीत. त्यांच्या चाली क्लबातला कुणीतरी शेजारी बसून लिहायचा. चार-पाच वर्षं त्यांचं नाव त्या भागात चांगलंच गाजलं. मोठ्या खेळाडूंत गणना व्हायची वेळ आली होती, असं मावशी म्हणायच्या. नातीनं म्हटलेलं आहे हे धरूनच मी लिहिते आहे. मग ती स्पर्धा आली. शेवटच्या फेरीच्या दिवशी एलोजींना ताप होता, छाती भरलेली, खांद्यावर घोंगडी घेऊन खेळायला बसलेले. समोर एक भला पाद्री. डाव एलोजींच्या हातून निसटला होता. ते हरणार हे त्यांना दिसत होतं आणि पाद्र्यालाही दिसत होतं. तेवढ्यात पाद्र्यानं हात पुढे केला आणि बरोबरी करू या म्हणाला. एलोजींना वाटलं, याला जिंकायची वाट सापडलेली नाही. त्यांनी हात मिळवला. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर त्यांच्या कानांवर आलं, कुणीतरी पाद्र्याची पाठ थोपटत होतं, आजारी माणसाला बिचाऱ्याला सोडलंत, फार मोठं मन तुमचं. एलोजी त्याच महिन्यात बोटीत बसले आणि त्यानंतर इंग्लिश बुद्धिबळाला त्यांनी हात लावला नाही.

म्हातारपणी ते अलिबागच्या घरी फक्त या पटावर खेळायचे, घरातल्या पोरासोरांशी. रुथ सगळ्यात धाकटी. तिला त्यांनी एकदाही मुद्दाम जिंकू दिलं नाही. ती रडायची, तिची आई सासऱ्यांवर चिडायची. ते म्हणायचे, हिला मी माणसात धरतो म्हणून हरवतो. आणि पाद्र्याचं काय चुकलं असं कुणी विचारलंच तर एवढंच म्हणायचे की त्यानं माझ्याकडे बघितलं, पटाकडे बघायला हवं होतं.

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मला ती तोंडपाठ होती. माझ्या नवऱ्याला मीच ती रंगवून रंगवून सांगितलेली आहे.

ब्रिस्टलला विमानांच्या पंखांच्या कामावर माझी बदली झाली, तिथेच लग्न झालं, घर झालं. हाउन्सलो सुटलं तसा मावशींनी फोनवर डाव सुरू केला. त्यांच्या टेबलावर पट, माझ्या कपाटावर साधा लाकडी बोर्ड. रोज एक चाल, कधी दोन दिवसांनी. शनिवारी चाल नाही. चाल सांगायची त्यांची पद्धत जुनी होती. आकडे-अक्षरं त्यांना चालत नसत. "वजिराकडचा घोडा उंटापुढं आला, आता तू बघ काय करतेस ते," अशी चाल यायची आणि तिच्या मागोमाग गुडघ्याचं दुखणं, शेजाऱ्याचं कुंपण, डॅनियल अजून लग्न का करत नाही, असं सगळं यायचं. मी दोनदाच जिंकले असेन, आणि दोन्ही वेळा त्यांनी लगेच डाव मांडला आणि मला बजावलं, मांडलाय, चल, पहिली चाल तुझी. इकडे मला आणखी एक नाद लागला होता. ऑफिसच्या बसमध्ये मी फोनवर अनोळखी लोकांशी इंग्लिश पद्धतीचे झटपट डाव खेळायला लागले होते. मावशींना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, हात बिघडेल तुझा. मी हसण्यावारी नेलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी डॅनियलला सांगितलं की आता फक्त दुखणं कमी ठेवायचं. मी दोनदा भेटून आले. त्या अर्ध्या झाल्या होत्या. हाताची कातडी सैल पडलेली, पण पटावर तो हात थरथरत नव्हता. आमचा एक डाव तेव्हा बऱ्यापैकी पुढे गेलेला होता. ब्रिस्टलला परतल्यावर एका दुपारी मावशींनी चाल सांगितली, त्यांचा हत्ती एका कडेला नेला, आणि संध्याकाळी बोर्डावर ती मांडून मी बघत बसले तर मला मात दिसली. त्यांचा राजा कोपऱ्यात, माझा हत्ती आणि उंट दबा धरून, आणि मी एक प्यादं एक घर पुढे टाकलं की त्याच्या पुढच्या चालीला त्याच प्याद्यानं मात. प्यादेमात. देशी खेळात याच्याइतकी मानाची जीत नाही. त्यांना सुटकेची वाट नव्हती. मी पुन्हा पुन्हा तपासलं.

आधी आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ त्यांची ती सैल कातडी आठवली. ज्या बाईला डॉक्टरांनी नुकतंच सगळं संपल्याचं सांगितलंय, तिच्या अंगावर मी आणखी हे प्यादं घालू? दुसऱ्या दिवशी फोन आला. "चाल?" मी म्हटलं, अजून विचार करतेय, मावशी. त्या म्हणाल्या, कर. त्याच्या पुढच्या दिवशीही मी विचारच करत होते. मग शनिवार आला, हायसं वाटलं. रविवारी पाहुण्यांचं निमित्त निघालं. सोमवारी मीटिंग निघाली. वाईट चाल मुद्दाम खेळावी असंही मनात आलं, पण ती त्यांनी तिथल्या तिथे ओळखली असती. त्यापेक्षा वेळ काढत राहावं, डाव अपुराच राहिला तर कुणीच हरणार नाही, असा माझा हिशेब होता. डाव अपुरा राहायचा म्हणजे काय व्हायला हवं होतं, तेही मला कळत होतं. ते वाक्य मी मनातल्या मनातसुद्धा पूर्ण केलं नाही.

त्यांना इस्पितळातून घरी आणलं, खालच्या खोलीत टेबलाशेजारीच पलंग टाकला. शेवटचा फोन तिथूनच आला. आवाज पार खोल गेलेला. त्यांनी "चाल?" विचारलं आणि मी पुन्हा तेच म्हटलं.  

"मित्रा," त्या म्हणाल्या, "तुला दिसतंय ते खेळ ना."

"कुठं काय दिसतंय मला?" मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. गुडघ्याबद्दल नाही, कुंपणाबद्दल नाही. फोन ठेवून दिला… नंतर जो फोन आला तो डॅनियलचा.

त्यांच्यात दफनाला उशीर करत नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी तिथे होते. मोजकीच माणसं, बोलणं सगळं इंग्रजीत, प्रार्थना हिब्रूत, मराठी एक शब्द नाही. माती लोटायची माझी पाळी आली तेव्हा फावडं मला पेलवेना. डॅनियलनं हात दिला, मला थँक यू म्हणाला, ममीला तुझे फोन फार आवडायचे म्हणाला. मी मान खाली घातली आणि मिळेल त्या पहिल्या बसनं ब्रिस्टलला पळाले. नवऱ्यानं समजावलं, अगं, तू चांगल्या मनानंच केलंस. पाद्र्याचंही मन चांगलंच होतं.

महिना झाल्यावर घरी प्रार्थना होती, तेव्हा मात्र जावं लागलं. माणसं गेल्यावर डॅनियल मला खालच्या खोलीत घेऊन गेला. पलंग हलवलेला होता. टेबलावर पट तसाच होता, मोहऱ्यांवर धुळीचा पातळ थर. "Cleaner ला मी बोलला, don't touch," तो म्हणाला. "ममी बोलला होता, मित्राची चाल बाकी आहे."

मी विचारलं, शेवटी शेवटी त्या याबद्दल काही बोलायच्या का? मला वाटलं होतं, तो नाही म्हणेल.

"रोज," तो म्हणाला. "चाल आली का, चाल आली का. And she was giggling, मित्रा. Like a kid. मला काही समजत नाही chess मधला. मी बोलला, ममी, are you winning? तर बोलते, ती येऊ दे फक्त, ती येऊ दे."

चहा टाकतो म्हणून तो आत गेला. मी उभीच होते. हसत होत्या? मात होणार असलेला माणूस हसेल कशाला? मी त्यांच्या बाजूला गेले आणि त्यांच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. पट तिकडून बघितला. माझं प्यादं, माझा हत्ती, माझा उंट, कोपऱ्यात त्यांचा लाल राजा. हात लांब करून मी माझं प्यादं एक घर पुढे टाकलं, जी चाल मी त्यांना सांगितली नव्हती ती. आता लाल राजाला जायला कुठेच जागा नाही… आणि मग मला दिसलं. त्या डावात मी त्यांच्या राजाला एकदाही शह दिलेला नव्हता. त्यांची उडी शिल्लक होती.

मी विसरले होते. बसमध्ये इंग्लिश डाव खेळून खेळून साफ विसरले होते. पहिल्याच दिवशी, केसांवर जाळी असलेल्या त्या बाईंनी मला शिकवलेली गोष्ट. मी लाल राजा उचलला आणि अडीच घरं टाकली. तो कोपऱ्यातून बाहेर पडून माझ्या हत्ती आणि उंट दोघांच्या मधे येऊन बसला. दोघांतलं एक जाणारच होतं, आणि ते गेलं की त्यांचं कडेचं प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर होण्यापासून अडवायला माझ्याकडे काही उरत नव्हतं. कडेला नेलेला तो हत्ती चुकून नेलेला नव्हताच. तो मला दाखवलेला घास होता. त्यांनी सापळा लावला होता आणि आयुष्यातले शेवटचे दिवस पलंगावर पडून, दुखणं सोसत, मी त्यात कधी पाय टाकते याची वाट बघत त्या हसत होत्या. तुला दिसतंय ते खेळ ना.

पाद्र्यानं निदान खरोखर जिंकत असलेला डाव सोडला होता. मी हरत असलेल्या डावात दया दाखवत बसले होते. एका बाईचा शेवटचा विजय मी रोखून धरला, आणि तोही तिच्यावर माया म्हणून. मला रडू आलं, पण त्यात स्वतःवरचा संताप जास्त होता. माझ्या आईनं असली चूक बघितली असती तर सरळ एक धपाटा घातला असता, आणि मला तो हवा होता.

डॅनियल चहा घेऊन आला. हललेली मोहरी बघून थबकला. "संपला?" त्यानं विचारलं. "कोण जिंकला?"

"मावशी जिंकल्या," मी म्हटलं.

तो समोरच्या खुर्चीत टेकला. मग म्हणाला, हे तू घेऊन जा, माझ्याकडे नुसतं पडून राहील. मी नको नको म्हटलं, त्यानं ऐकलं नाही. मोहरी एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात भरली, पट घडी करून पिशवीत घातला.

तो पट आता ब्रिस्टलला आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. अर्ध्या टेबलावर पट आणि अर्ध्यावर आम्ही जेवतो. मुलगी कुरकुर करते, नवरा आपलं ताट सरकवून घेतो. घरी आल्या आल्या पहिलं काम मी तेच केलं. लाल मोहरी पलीकडे, हिरवी माझ्याकडे, कान उडालेला उंट त्याच्या जागी. हरणाऱ्यानं डाव मांडायचा, तो मी मांडला. जिंकणाऱ्यानं पहिली चाल करायची. रोज दुपारी एकच्या सुमाराला माझा हात आपोआप फोनकडे जातो, फक्त शनिवारी जात नाही. त्यांनी माझ्या चालीची वाट बघितली. आता चाल त्यांची आहे, आणि वाट बघायची पाळी माझी.